ऊर्मिलेच्या वाघिणी

येना (जर्मनी), १९ जानेवारी २०२५

ती. आईंना,
ऊर्मिलेचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी व्हिडिओवर बोललो, मग वर हे पत्र कशाला, असं वाटेल. हाताला पुन्हा कामाची सवय लावणाऱ्या एर्गोथेरपीच्या बाईंनी उजव्या हाताने रोज पानभर लिहायला सांगितलंय. डायरी लिहायचा मला कंटाळा, म्हणून तुम्ही सापडलात. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचा.

नोव्हेंबरात ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकून पडले, तेव्हा बसवलेली धातूची पट्टी आता मनगटात आहे. हाड जुळलं. पण नस चेपली गेली होती, त्यामुळे अंगठा आणि पहिलं बोट अजून बधिर आहे. आणि माझं काम म्हणजे डाळीएवढी भिंगं चिमट्याने उचलून कड्यांत बसवायची. कंपनीने ऑफिसात कागदपत्रांची खुर्ची देऊ केली आहे, उन्हाळ्यापर्यंत ठरवायचंय. देवदत्त म्हणतो, घे. मला माझं टेबल परत हवंय.

थेरपीत मणी उचलायला देतात. मणी उचलून पुढे काय, तर पुन्हा मणीच. म्हणून मी छोट्या आगगाड्यांच्या दुकानातून मालगाडीच्या डब्याचं किट आणलं. म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, मूल किती वर्षांचं आहे. बेचाळीस, म्हटलं. डबा तळहाताएवढा; पायऱ्या, कड्या, ब्रेकचे पाइप सगळं सुटं, काही तुकडे तर तिळाएवढे. आज एक पायरी मोडली, आणि डब्याच्या टोकाचा एक बफर गालिच्यात गेला तो गेलाच.

माया आहेच, तिच्यात थोडी सवड मिसळा आणि उत्तर लिहा.

ऊर्मिला


सातारा, १२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ऊर्मिलेस,
शैलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायांपेक्षा बरं आहे. मला आडपडदा जमत नाही, म्हणून आधीच सांगते: देवदत्तचा फोन आला होता. आई, तू तिला समजाव, ती तुझं ऐकेल, म्हणाला. तर समजावते. खुर्ची घे. उजवा हात माणसाला एकच असतो. तुझं प्लास्टर काढलं त्या दिवशी तो दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडला, हे त्याने तुला सांगितलं नसेल.

आता त्या डब्याबद्दल. आमच्या वर्तमानपत्रात मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. घरात एक होती, आता दुसरी आली. पुरी झाली की मला पाठव. फोटो नको. फोटोत सगळंच सुंदर दिसतं.

जिवाला जप. सासूचा राग मानू नकोस. मानलास तर लवकर सोड.

शैला


येना, १६ मार्च २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

वाघीण पुरी झाली. ऑफिसातली स्वरूपा पुण्याला येतेय, ती तुम्हाला कुरिअर करेल.

ती पुरी होताना एक प्रकार झाला. छपराच्या कडेला तारेची कडी चिकटवत होते, तर पहिलं बोटच चिकटलं. मला पत्ताच नाही. डबा खाली ठेवायला गेले तर तो सुटेना. ओढला, कातडी निघाली, रक्त आलं, आणि दुखलं नाही. आई, न दुखण्याचीही भीती वाटते, ते तेव्हा कळलं.

देवदत्तने सगळं सामान खोक्यात भरलं आणि केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कुलपात ठेवायला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, अपघात आपल्या दोघांना झाला हे मला समजतं, पण हात माझा आहे. त्यावर देवदत्त खोका टेबलावर ठेवून बाहेर पडला आणि परत आला तो जखमेच्या पट्ट्या घेऊन. पुढचे काही दिवस आम्ही मीठ-मिरचीपुरतंच बोललो.

तुमचं म्हणणं वाचलं. कंपनीला उत्तर अजून दिलेलं नाही.

रागावलात तरी लोभातून नाव काढू नका.

ऊर्मिला


सातारा, ९ एप्रिल २०२५

चि. सौ. ऊर्मिलेस,
अनेक आशीर्वाद.

वाघीण सुखरूप आली. तांबडा रंग नेटका, अंगावरची जर्मन अक्षरं सरळ. शेजारच्या कुसुमताई वा वा करून गेल्या. मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोटाने दाबलं. डुगडुगते. तीन चाकं टेकतात, चौथं अधांतरी. टेबल वाकडं असेल म्हणून ओट्यावर ठेवून पाहिली, तिथेही तेच. रुळावर ही पहिल्याच वळणाला आडवी होईल.

मग चष्मा पुसून त्या कड्या पाहिल्या. केसाएवढी तार, आणि एकही तिरकी नाही. रक्त आलेलं ज्या बोटाला कळत नाही, त्या हाताने तू हे केलंस. मागच्या पत्रातला माझा सल्ला मी परत घेते. देवदत्तलाही फोन केला. तिचा हात धरायला जाऊ नकोस, तिला दिवा धर, असं सांगितलंय. गप्प बसला. लहानपणापासून तो पटलं की गप्प बसतो.

दुसरी कर. चारही चाकं टेकली पाहिजेत.

आशीर्वाद पुरून उरतील एवढे आहेत, काटकसर करू नकोस.

शैला


येना, १ जून २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

डब्याची चौकट पिळली गेली होती. मऊ कापडावर ठेवून चिकटवत होते, तीच चूक. आता काचेवर ठेवते, वर वजन देते आणि गोंद वाळेपर्यंत हात लावत नाही. दुसरी वाघीणही किंचित डुगडुगली, तोडून टाकली. तिसरी उभी आहे. चाकांखाली पातळ कागद सरकवून पाहिला, एकाखालूनही जात नाही. देवदत्त खरोखरच दिवा धरून शेजारी बसतो आणि सूचनापत्रकातलं जर्मन मोठ्याने वाचतो.

दुसरी बातमी चांगली नाही. डॉक्टर म्हणाले, अंगठा बराच जागा झालाय, पण पहिल्या बोटाला याहून फारसं काही कळणार नाही. एक दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही. मग देवदत्तला सांगितलं. आता खुर्चीचं काढेल, अशी तयारी ठेवली होती. त्याने विचारलं, मधलं बोट काय म्हणतंय. मधलं बोट शाबूत आहे, आई. चिमटा आता अंगठा आणि मधल्या बोटात धरते, आणि बोटाला कळत नाही ते डोळ्याने बघते.

खुर्ची नाकारली. आमच्या विभागाची प्रमुख फ्राऊ लेमान, तिच्याकडे टेबलावरची चाचणी मागितली. सवलत मिळणार नाही, असं तिने बजावलं. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी हेच हवंय.

आशीर्वाद पोस्टाने उशिरा येतात, तेव्हा आत्ताच निघू द्या.

ऊर्मिला


येना, २९ जून २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

ऑगस्टपासून अर्धा दिवस माझ्या टेबलावर, हे तुम्हाला फोनवर कळलंच. ते कसं झालं हे मात्र नीट सांगायचं होतं.

चाचणीत पहिलंच भिंग निसटलं. घाईत चिमटा जुन्या सवयीने पहिल्या बोटावर गेला होता. भिंगाच्या कडेचा टवका उडाला. फ्राऊ लेमानने काहीतरी टिपून घेतलं. आजूबाजूच्या लोकांनी माना खाली घातल्या. मला उठून जावंसं वाटलं. खुर्ची पायाने मागे लोटलीसुद्धा. मग ती पुन्हा पुढे ओढली, चिमटा मधल्या बोटावर घेतला आणि दुसरं भिंग उचललं. ते बसलं. तिसरंही बसलं. पूर्वीपेक्षा सावकाश, पण ट्रे भरला.

तो तिने मायक्रोस्कोपखाली नेला. एकेक कडं फिरवून पाहिलं, फार वेळ लावला. टवका उडालेलं भिंग माझ्यासमोर ठेवून म्हणाली की हे चुकीत धरलं जाईल. धरा, म्हटलं.

ती आत गेली, आणि भरायचा दुसरा ट्रे आणून माझ्या हाताशी ठेवला.

तुमची माया परखड आहे, ती तशीच असू द्या.

ऊर्मिला