जीपचे दिवे माडांवर

भाईंदर, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७२

मासळीचा ट्रेलर जोडला की जीप मागून खाली बसते आणि दिवे रस्त्याऐवजी माडांच्या शेंड्यांवर पडतात. काशीमीऱ्याचा मिस्त्री म्हणतो, मागच्या स्प्रिंगला दोन जादा पाटे टाका. आमचे हे लगेच तयार. पण पाटे वाढले की स्प्रिंग कडक होणार, आणि ट्रेलर सोडला की तीच जीप खड्ड्याखड्ड्यात आदळणार. आणि आमची शांता बाळंतपणाला आलीय, सातवा महिना. तिला दवाखान्यात न्यायचं ते ह्याच जीपमधून ना? याचा विचार कुणी केलाच नाही.

आज संध्याकाळी ट्रेलर भरताना मी स्वतः उभी राहिले. बर्फाच्या सगळ्या लाद्या पुढे, जीपला चिकटून. का, तर मासळी आधी उतरवायची असते म्हणून. सगळा भार जीपच्या मागच्या टोकावर. मी लाद्या मागे, ट्रेलरच्या चाकांच्या वर घ्यायला लावल्या, टोपल्या पुढेमागे वाटल्या.

"उतरवायला येळ लागंल," हे कुरकुरले. लागू दे.

दिवे लावले. उजेड रस्त्यावर पडला. किंचित वर, पण रस्त्यावर.

ह्यांनी दिवे विझवून पुन्हा लावून बघितले. मग म्हणाले, "मिस्त्रीला सांगतो, पाटे नको. आपल्या शांताला दणके बसतील."

जसं काही ह्यांनाच सुचलं. असू दे.