चरबीचा वास

सोमवार
आलो एकदाचे बोटीवर! माझी नवी नोकरी म्हणजे मूठभर पाहुण्यांचा स्वयंपाक. बोट बेटाबेटांतून फिरते आणि लोकांना प्राणी अगदी जवळून दाखवते. स्वयंपाकघर कपाटाएवढं आहे, वळलं की कोपर शेगडीला लागतं. हुकांना टांगलेली भांडी बोट हलली की आपसात भांडतात. धाकट्या बहिणीला सोबत आणायची परवानगी मी हट्टाने मिळवली. मांडीवरचं लेकरू गेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जरा हवापालट होईल, दोन घास पोटात जातील. कप्तानाने तिला खिडकीजवळची जागा दिली. माणूस बरा वाटतो, घोरतो मात्र इंजिनाच्या वरताण.

मंगळवार
आज पहिलं बेट. नुसते काळे खडक आणि त्यांवर पसरलेले सील, लेकुरवाळ्या माद्याच जास्त. इथली रीत ऐकून मी नाकच मुरडलं. उतरण्याआधी वाटाड्या पाहुण्यांच्या अंगाला सीलची चरबी फासतो. मग कळप त्यांना आपलंच समजतो, हुंगतो आणि खुशाल शेजारी लोळतो. परतल्यावर मात्र गरम पाण्याने, साबणाने, वास जाईपर्यंत घासायचं. याबाबतीत वाटाड्या खाष्ट सासूसारखा आहे, एकेकाचे हात हुंगून बघतो.

एक पोरकं पिल्लू सरपटत आलं आणि धाकटीच्या मांडीवर डोकं टेकून झोपलं. परतली ती हसत. कितीतरी महिन्यांनी हसली, मला भरूनच आलं. आजचा दिवस हा वास राहू दे ना गं ताई, म्हणाली. माझा जीव विरघळला. तिचे हात तेवढे साबणाने धुतले आणि वाटाड्याला मी ठोकून दिलं की तिला मी स्वतः घासून अंघोळ घातली.

बुधवार
धाकटी माझ्या हातचं खाईना. गरम भाजीचं ताट बाजूला सारलं आणि ओट्यावरचा कच्चा मासा काट्यांसकट खाल्ला. मी हसण्यावारी नेलं. दुपारी जबरदस्तीने न्हाणीत बसवलं, साबणाची अख्खी वडी झिजवली. वास जात नाही. अंगाला नाहीच आता तो. तिच्या श्वासाला येतो.

गुरुवार
बेटाभोवतीच आहोत, आणि कळप बोटीपाशी आलाय. चोहोबाजूंनी ओली डोकी. पाहुणे खूश, फोटो काढताहेत. वाटाड्या मात्र पांढराफटक पडला. शेवटी त्याला खरं काय ते सांगितलं. आधीची स्वयंपाकीणही एकदा न धुता झोपली होती, म्हणे. कळप आपलं माणूस सोडत नाही, म्हणे. कप्तान तर मला म्हणाला होता, ती नोकरी सोडून गेली. आता माझ्याकडे बघायचं टाळतो.

धाकटी दिवसभर खिडकीला नाक लावून बसलीय.

शुक्रवार
धाकटी नाही. खिडकी उघडी. कपडे खाली पडलेले—

दुर्बिणीतून दिसली. खडकावर, उघडी, पिल्लाला छातीशी धरून. हाका मारून मारून घसा बसला. वळूनही बघत नाही.

कप्तान निघायचं म्हणतोय. पाहुण्यांना काय सांगायचं तेही ठरवून टाकलंय मेल्याने. डाव फेकून मारला मी त्याला. आईला कुठल्या तोंडाने सांगू? तिला घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

शनिवार
चरबी फासली. अंगभर, केसांतही. वाटाड्याने होडीतून सोडलं, थांबतो म्हणाला. वही कोटात आहे.

कळपाने वाट दिली. धाकटीचा हात धरला— थंड, निसरडा. ताई म्हण, म्हटलं. एकदा म्हण ना. तिने माझा गळा हुंगला. मग शेजारी जागा करून दिली.

ओढतेय, उठत नाही. बाकीच्या माद्या जवळ सरकताहेत—

होडी वळली. नाही, थांब— बोटीचा धूर— निघाले. निघाले मेले!

रविवार असावा
थंडी वाजत नाही आता. कोट कुठेसा पडला, वही तेवढी हातात राहिली. धाकटीने मासा भरवला. गोड लागला.

एवढ्या जणींची ऊब. पेन बोटांत ठरत नाही—

काहीतरी करायला आले होते. हिला न्यायचं होतं. हिला घरी— घरी म्हणजे