ट्रॅक्टरनं पिलेलं सरकीचं तेल

शनिवार, दिवा लावल्यावर

माझा फौजी नातू विजू सुट्टीवर आला, मी लय खुश. पण त्याच्या बापानं आज डोकं फिरवलं. विजू फौजेत गाड्या दुरुस्त करते. काल जेवताना बोलला, "आजी, अडचणीत आमचा ट्रक खायच्या तेलावरबी चालते. थंडीत मात्र नाही." बापानं अर्धंच ऐकलं! डिझेल संपलं तर भज्यासाठी ठेवलेलं माझं सरकीचं तेल ट्रॅक्टरमध्ये ओतलं. पहाटेच्या थंडीनं तेल गोठलं, ट्रॅक्टर कापसासकट वेशीतच बंद. वरून म्हणते, "माय, पोरगंच बोललं ना!" अरे, तुले का लढाईवर जायचं होतं? माझं सरकीचं तेल!

विजू उद्या सकाळीच चालला. त्याच्या सुट्टीची अखेरची संध्याकाळ ट्रॅक्टरखाली दुरुस्तीतच गेली. मग मीबी पाट घेऊन तिथंच बसली न् त्याच्या बापाले शिव्या दिल्या. विजू खालून हासे, "आजी, आणखी दे!"