पाठीकडून कापलेली वाम

१० नोव्हेंबर १९६४, दुबई

वाम फुकट मिळाली. इथले कोळी ती खात नाहीत, जाळ्यातून काढून फेकतात — ‘यल्ला, घेऊन जा!’ तरी खरा खर्च मांडला तर असा: डाव्या हाताचं एक कापलेलं बोट, रक्तानं माखलेला एक नवा सदरा आणि बायकोचा, मरियमबीचा, सकाळपासूनचा अबोला. तिची रत्नागिरीची विळी बाजूला सारून घरात परकी सुरी आणली ना!

सुरी मोरीसाहेबाची. टोकियोचा माणूस, होड्यांना लावायची इंजिनं विकायला महिनाभर इथं, दुबईच्या देरा भागात मुक्काम. त्या इंजिनांची एजन्सी मला हवी आहे. गलबतावर स्वयंपाक करत इथवर आलो, पंधरा वर्षं कंदील आणि काचेचे पेले विकले. आता पुरे.

परवा तो जेवायला होता. अंगणात मीच वाम घेतली, विळीवर आपल्या रीतीनं पोटातून चिरली. तर त्यानं डोळेच मिटले! मग समजावलं — सामुराई म्हणजे त्यांच्याकडचे तलवारवाले सरदार. इज्जत गेली की स्वतःचं पोट स्वतः फाडायचे. त्यांच्या शहरात पोट चिरलेला मासा त्यांच्यापुढे ठेवायची छाती कुणाची? म्हणून टोकियोत वाम अजून पाठीकडून कापतात. तलवारींवर बंदी येऊन नव्वद वर्षं होत आली, सुरी मात्र अजून भिऊन चालते!

पुढच्या आठवड्यात त्याचे मोठे साहेब येणार. एजन्सी कुणाला, ते तेच ठरवणार. तोवर पाठीकडून कापायला हात बसला पाहिजे.

१२ नोव्हेंबर

ही सुरी कुठली, मोरीला विचारलं. म्हणाला, पूर्वी तलवारी घडायच्या त्या गावातली. बंदी आल्यावर तेच लोहार सुऱ्या-कात्र्या करू लागले. मग मान ताठ करून — ‘माझे आजोबा सामुराई होते.’

असतीलही. चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलतो. गुडघे मोडून तासभर बसतो, हलत नाही. आणि ‘जमणार नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. तिथंच घोळ झालाय. हेड ऑफिसला कळवून बसलाय, कमरुद्दीन, म्हणजे मी, वर्षाला शंभर इंजिनं खपवेल!

‘शंभर? अहो, होड्या तरी तेवढ्या घेणाऱ्या हव्यात ना?’

‘सामुराई आकडा खाली आणत नाही.’

बरं! विकायची कुणी, सामुराईनं?

१३ नोव्हेंबर

आणखी एक वाम. पाठ फाटली, पोटही फाटलं. शेजारच्या दुकानातला खैरुद्दीन दारातून ओरडला, ‘कमरुभाई, मासा कापताय की खिमा करताय?’ आत मरियमबी हसली. अबोला खलास.

१७ नोव्हेंबर

मोठे साहेब आले. ओसाकाचे. जाडे, हसरे. पाठीकडून कापलेली वाम पुढे ठेवली — कुठं एक चीर वेडीवाकडी नाही. त्यांनी वामीकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, आणि पोट धरून हसले.

‘ही टोकियोची रीत! ओसाका व्यापाऱ्यांचं गाव. आम्ही पोटच उघडतो. बोलणंही तसंच, आतलं बाहेर. तर सांगा शेठ, शंभर इंजिनं खपतील?’

मोरी माझ्या शेजारी. पाठ सरळ, नजर चटईवर. हो म्हणालो तर आज त्याची लाज राहते, आणि वर्षाअखेर माझी जाते. नाही म्हणालो तर एजन्सीही हातची जायची. पडद्याआड मरियमबीनं भांडं आपटलं. तिचं भांडं मला कळतं.

‘वीस,’ मी म्हणालो. ‘ओढूनताणून बावीस.’

मोरीनं वाकून कपाळ चटईला टेकवलं. बराच वेळ उचललं नाही. साहेब खात राहिले. वाम संपवली!

रात्री मरियमबी म्हणाली, ‘खरं बोललात ते बरं केलंत. पण त्या पोराचं तोंड बघवेना.’

१९ नोव्हेंबर

एजन्सी मिळाली! पहिला माल, वीस इंजिनं. खैरुद्दीननं सगळ्या गल्लीला चहा पाजला, माझ्या नावावर.

मोरीला कुवेतला धाडतायत. दुकानात फिरकला नाही.

२२ नोव्हेंबर

मोरीला विमानतळावर पोचवायला गेलो. नको म्हणाला नाही. निघताना एवढंच बोलला — ‘तुम्ही वीस म्हणालात, मग मीही सांगतो.’

त्याचे आजोबा सामुराई नव्हते. टोकियोत वाम विकायचे.