सोमवारी बैल जुंपत नाहीत

१६ जाने., शुक्र.
दूध यायच्या आधीच पहिली बाई दारात. मुलाचं लग्न जमेना, प्रार्थना करा. मग बोअरला पाणी लागावं म्हणून एक जण. मग कुणाच्या तरी मेहुण्याची बदली. मी काय तहसील कचेरी आहे?

हे सगळं सुमनच्या गाठीपासून सुरू झालं. आमच्या गल्लीतली सुमन, पोटात गाठ. आम्ही चर्चच्या मंडळीतल्या बायका तिच्या घरी जमलो, मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नाताळच्या तोंडावर रिपोर्ट आला, गाठ दिसेना. औषधं चालूच होती. उभा जन्म नर्स म्हणून काढला, मला कळतं एवढं. पण औषधांचं नाव कुणी घेईना, सगळ्यांच्या तोंडी माझाच हात. आणि त्या प्रार्थनेतलं मला आठवतं ते एवढंच, की तोंड चालू होतं अन् डोक्यात घरचा नळ. कितीतरी दिवसांनी पाणी यायचं होतं.

मग वर ऐकलं ते कुणाचं? नक्की काय ऐकलं?

चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन. २५ला उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. बाहेरगावचेही येणार. मी हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

१७, शनि.
धर्मापुरी. कांताकडे. आमच्या वॉर्डात आया होती, आता गावी दिराच्या शेजारी राहते. बसमधून उतरले तर पहिलं वाक्य, "सिस्टर, कावून एवढ्या वाळल्या वो?" काय सांगणार. मोबाइल बंद करून तिच्या ट्रंकेत ठेवायला दिला. "चावी मागायची न्हाई बरं का." संध्याकाळी मागितलीच. दिली नाही.

दिवेलागणीला प्रार्थनेला बसले. "हे आमच्या स्वर्गातील बापा". पुढे काही येईना. ओसाड. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर…

१८, रवि.
लहानपणापासून रविवार बुडाला तो फक्त ड्यूटीमुळे. उपासनेच्या वेळी डोक्यावर घ्यायला हात आपोआप पदराकडे गेला. इथं कुठली उपासना. ज्वारीत जाऊन बसले, कांतानं हुरडा भाजला. फार गोड लागला आणि त्याचंच वाईट वाटलं.

नंतर जुनं देऊळ बघायला नेलं. बाहेरूनच हिंडले. भिंतीवर दगडाच्या बाया, एक आरशात बघतेय. शेकडो वर्षं बघतेय, तरी कंटाळली नाही. मला महिनाभरात माझ्याच नावाचा कंटाळा आला.

१९, सोम.
आज फजिती. कांताच्या दिराला सगळे बाप्पा म्हणतात. ते सकाळी गोठ्यात होते. गाडीतून शेतापर्यंत फिरवून आणा म्हटलं, लहानपणी बसले होते त्यानंतर बैलगाडी नाही. बाप्पा नुसते बघत राहिले. कांता आतून ओरडली, "सिस्टर, आज सोमवार!"

सोमवारी इथं बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार. काम कितीही तुंबलेलं असो, गाडी उभी.

मी चेष्टेनं म्हटलं, "बाप्पा, बैलाला कळतं का आज सोमवार आहे ते?"

"त्याला काय कळतंय! त्यानं काय उपास धरलाय का देवाचं नाव घेतलंय? तरीबी सुटी ती सुटीच. तुमीबी बसा की जरा."

बसले. बाजेवर, गोठ्यासमोर. बैल रवंथ करत होता, एक कान हलवत. दहा आज्ञा मी लहानपणापासून घडाघडा म्हणते. शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत बैलाचंही नाव आहे. बैलानं विश्वास ठेवला तर विसावा, असं त्यात कुठंच नाही. इतकी वर्षं म्हणत आले आणि एकदाही ध्यानात आलं नाही. रडू आलं. कांतानं पाहिलं, चहा ठेवून गेली.

पण हे मला महादेवाच्या वारी सुचावं? ही शांती दिली कुणी? उसनी तर नाही? पाळकसाहेब ऐकतील तर काय म्हणतील. मीच काय म्हणते, तेही कळत नाही.

२१, बुध.
दुपारभर झोपले. इतकी झोप बाळंतपणातसुद्धा नाही. प्रार्थना नाही केली. पण आता प्रभू दाराबाहेर उभा आहे आणि मी मुद्दाम कडी काढत नाही, असं काहीसं वाटतंय. की नुसतंच हवापालट?

साक्षीत सांगू काय? बैलाचं सांगू?

२२, गुरु.
पाळकसाहेबांनी कांताच्या नंबरवर फोन केला. सुमनचा नवा रिपोर्ट वाईट. गाठ परत आलीय, आणखीही ठिकाणी. "ताई, रविवारची साक्ष आता राहू द्या."

आधी सुटल्यासारखं वाटलं. लिहून ठेवते, खोटं कशाला. मग स्वतःचीच किळस आली.

कांतानं न मागता चावी दिली. मोबाइलवर मंडळीच्या ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलंय, विश्वास कुठंतरी कमी पडला. तिचा म्हणे. तिचा! औषधानं गाठ गेली तेव्हा माझा हात आणि परत आली तेव्हा तिचा विश्वास, हा कुठला हिशेब? प्रभू, हा तुझा आहे का? असेल तर माझं नाव काढ यातून.

दारावरची गर्दी आता आटेल. आटू दे.

२४, शनि.
घरी आले. निघताना बाप्पा म्हणाले, "पुन्ना या, सोमवार सोडून या, म्हंजी गाडीत बसवतो." मी हसले. किती दिवसांनी.

सुमनचा फोन. "मावशी, सलाम. उद्या येता का? पण प्रार्थना नका करू. डोक्यावर हात नका ठेवू, लई भ्या वाटतंय आता. नुसत्या बसा."

२५, रवि.
उपासनेला गेले नाही. चर्चची घंटा सुमनच्या घरात ऐकली. तिचा नवरा औषध आणायला गेलेला. रिपोर्टपासून एकही बाई फिरकली नाही म्हणाली. मी म्हटलं, मी आले ना. नाडी बघायची सवय म्हणून मनगट धरलं ते तसंच धरून बसले. तिनं विचारलं, "मी वंगाळ हाय का मावशी, म्हून परत आली गाठ?" नाही म्हटलं. जन्मात इतक्या खात्रीनं काही बोलले नसेन. कुठून आली ती खात्री?

ती झोपली. उठावं म्हटलं, उठवेना. कुणी प्रार्थना करा म्हटलं नव्हतं, उलट नकोच म्हणाली होती. तरी आतून आलं. बरी कर म्हणायला जीभ उचलली नाही, ते मागायचा धीर अजून नाही. हिला सोडू नकोस, एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं, मलाही.

बुधवारी मोठ्या दवाखान्यात तपासणी आहे. मी बरोबर जाणार.