डाव्या पायाच्या पश्चात

हे मृत्युपत्र लिहायचं मी बुधवारपासून टाळते आहे. बुधवारी पेन नव्हतं, गुरुवारी पेन होतं तर कागद नव्हता, शुक्रवारी दोन्ही होतं म्हणून झोपून घेतलं. आज रविवार. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन माझं आहे, त्यामुळे आता पुढे ढकलायला दिवसच उरला नाही.

तर मी, वय सत्तावीस, शिक्षण बारावी (अर्धी), धंदा लोकांच्या गाड्या एका गावाहून दुसऱ्या गावी चालवत नेऊन पोचवणे, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाची जबरदस्ती नसताना आणि भुलीचं इंजेक्शन मिळायच्या आधी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझ्या पश्चात खालीलप्रमाणे करावे. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे शेजारच्या खाटेवरच्या मावशींना विचारावं. त्या सव्वीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झाल्या. कोण ठिकाणावर आहे आणि कोण नाही, हे त्यांना माणसाने पायरीवर पाय ठेवल्याबरोबर कळतं.

१. 'माझ्या पश्चात' म्हणजे नेमकं कधी. माझ्या मणक्याच्या खालच्या टोकाला एक गाठ आहे आणि ती डाव्या पायाच्या नसेला चिकटून बसली आहे. डॉक्टर म्हणाले, जिवाला तसा धोका नाही, पायाचं मात्र सांगता येत नाही. वर म्हणाले, "गाडीचं काय एवढं, ऑटोमॅटिक घ्या." घसा गेला तर टाळ्या वाजवा, असं गाणाऱ्याला सांगावं तसं. डावा पाय म्हणजे माझा क्लच. म्हणून हे मृत्युपत्र मी गेले तर लागू होईलच, पण मी राहिले आणि पाय गेला तरीही लागू होईल. दादा म्हणतो, असलं काही कायद्यात बसत नाही. दादा, तुझ्या गाडीत क्लचही बसत नाही, म्हणून जगात क्लच नाही का?

२. स्थावर मालमत्ता: नाही. जंगम मालमत्ता: सगळ्यात जास्त जंगम मीच. टायरच्या दुकानावरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत एक गादी, एक किटली आणि पान्यांचा एक संच आहे. पाने खालच्या टायरवाल्यांना द्यावेत. रोज सकाळी सहाला मी कोणाची ना कोणाची गाडी त्यांच्या खिडकीसमोर गरम करत उभी राहायचे, पण त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. संचात दहा नंबरचा पाना नाही. तो कोणाच्याच संचात नसतो. बँकेत जे काही असेल ते दादाच्या लेकीला. ती आता सहा वर्षांची आहे. पुढे तिला गाडी कोणीही शिकवावी, दादाने शिकवू नये.

३. दादाला माझा उन्हाचा चष्मा आणि माफी. चष्मा अशासाठी, की त्याचा चष्मा माझ्यामुळे फुटला. त्याने हौसेने नवी ऑटोमॅटिक गाडी मला चालवायला दिली होती. सिग्नल आला, माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि त्याला सापडला तो ब्रेकचा भलामोठा पॅडल. मी तो क्लचसारखा तळापर्यंत दाबला. दादा पट्ट्यात लटकला आणि चष्मा पुढच्या काचेवर जाऊन आदळला. तेव्हापासून घरी पाहुणे आले की तो सांगतो, "हिने मला मारायचा प्रयत्न केला होता." माफी अशासाठी, की तो गिअरला 'माणसाने उगाच करायचं काम' म्हणतो. तेही मी माफ केलं. फक्त एक गोष्ट त्याला बजावून सांगितली आहे: ऑपरेशनचं आत्याला कळवायचं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, पण एवढं राहील अशी आशा आहे.

४. माझ्या सवयींपैकी कोणत्या कोणाला द्याव्यात. चालवताना डावा हात गिअरच्या दांडीवर ठेवून बसायची सवय कोणालाही देऊ नये. मला गाडी शिकवताना आत्याने ती मोडण्यासाठी पट्टी वापरली, "हात काय खुंटीला टांगलायस?" तरी मोडली नाही. क्लचवर पाय ठेवून द्यायची सवय मात्र मोडली, कारण त्यासाठी ती म्हणाली होती, "तो क्लच आहे, पायरी नाही," आणि आठवडाभर मला अनवाणी चालवायला लावलं होतं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकं कडेला वळवून उभी करायची सवय सगळ्यांना वाटावी.

अनोळखी गाडी भिंतीकडे तोंड करून कधीही लावू नये. हे मी एका दातांच्या डॉक्टरची पिवळी गाडी पोचवताना शिकले. तिचा रिव्हर्स पडायला दांडीच्या मुठीखालची कडी बोटांनी वर उचलावी लागते, आणि हे डॉक्टर सांगायला विसरले. मी पाऊण तास भिंतीसमोर बसून होते. शेवटी एका पेपरवाल्याने आणि त्याच्या गिऱ्हाईकांनी मला ढकलून बाहेर काढलं. तेवढ्या वेळात मी सगळा पेपर वाचला.

विषय सुटला. कारण असं, की आमच्या खिडकीखाली हॉस्पिटलचा चढ आहे आणि त्यावर एक आखूड वळण. तिथे प्रत्येकाला तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं. मावशी आणि मी पडल्यापडल्या आवाजावरून ड्रायव्हर ओळखतो. आत्ता एक गेला. मावशी म्हणाल्या, "नवरा चालवतोय, बायको शिकवतेय."

५. आता गाडी. लाल, दोन दारांची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी आणली तेव्हा बॉनेटखाली चिमण्यांचं घरटं होतं. आत्याने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं आणि तीस वर्षं गावाला गाडी शिकवली. तिने कमरेवर हात ठेवून आत डोकावलं आणि विचारलं, "इंजिन कुठाय, की ते भाड्याने दिलंय?" मग दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्या शेडमध्ये आम्ही दोघी त्या गाडीखाली होतो. गाडी चालती झाली, पण आत्याने ती कधी हातात घेतली नाही. शेजारी बसायची आणि नसलेला ब्रेक दाबायची. तिच्या बाजूच्या चटईला तिथे भोक पडलं आहे.

ह्या गाडीत पहिला गिअर डावीकडे खाली आहे. इतर गाड्यांत जिथे पहिला असतो तिथे, डावीकडे वर, रिव्हर्स. शर्यतीसाठी केलेली रचना आहे ती. दुसरा आणि तिसरा एका रेषेत यावेत, कारण शर्यतीत पहिला एकदाच लागतो.

तीन वर्षांपूर्वी आत्याने मला न सांगता नवा फलक रंगवून घेतला: 'आत्या-भाची मोटार शिकवणी'. माझ्या गाडीमागे, शेडच्या शटरला टेकवून ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी म्हणाले, "मला एकाच गल्लीत दिवसातून चाळीस वेळा वळायचं नाही." ती म्हणाली, "मग जा. तू गाडी चालवत नाहीस, गाडीत बसून पळतेस." मी गाडीत बसले, रागाने पहिला टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली. फलकाचे दोन तुकडे, एकावर 'आत्या-भा', दुसऱ्यावर 'ची मोटार शिकवणी'. मागचा डावा दिवा फुटला.

आत्याने विचारलं, "मुद्दाम केलंस?"

मी म्हणाले, "हो."

किल्ली तिथल्या तेलाच्या ट्रेमध्ये टाकली आणि चालत निघाले. आठवड्याने दादाकडून निरोप आला: "गाडीला मी हात लावणार नाही. जिची आहे तिने येऊन न्यावी." तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली उभी आहे.

आता शपथेवर लिहिते: मुद्दाम नव्हतं. मला गिअर चुकला. तिने शिकवलेली मी, म्हणून दुष्ट म्हणवून घेणं मला जमलं, पण गिअर चुकला म्हणणं जमलं नाही.

हे मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "निघायच्या आधी मागे बघितलं होतंस?"

"नाही. पुढे, रस्त्याकडे."

"आरशात?"

"नाही."

"मग त्या बाईंना तेव्हाच कळलंय. मुद्दाम मागे जाणारा मागे बघतो गं. तीस वर्षं शिकवणारीला हे दिसणार नाही होय?"

"मग विचारलं कशाला?"

"तू सांगावंस म्हणून."

इथून पुढे अक्षर बिघडलं आहे. ते गाठीमुळे नाही.

तर गाडी आत्याला. आत्यानंतर, जी मला आत्या म्हणते तिला.

६. आत्याने ही गाडी कधी चालवलेली नाही, म्हणून तिच्यासाठी गाडीच्या खोडी लिहून ठेवते. पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवतो. तो नेहमीच पाव दाखवतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नये. उजवी काच हाताने धरून वर घ्यावी लागते. थंडीत गाडी किल्लीच्या पहिल्या हाकेला उठत नाही, दुसऱ्या हाकेला उठते. तिसरी मारली तर रुसते. आणि सगळ्यात मोठी खोड दुसऱ्या गिअरची. तिसऱ्यातून खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा आणि ॲक्सिलरेटर दोनदा द्यायचा: आधी लहान, मग मोठा. मग क्लच, मग दुसरा. एकदाच दिला तर ती दात खाते. हे कुठल्या पुस्तकात नाही, मला शोधायला चार महिने लागले. आत्या शेजारी असली की मी वळणं तिसऱ्यातच काढायचे. तिला कळलं असतं तर तिने पुन्हा गिअरबॉक्स उघडला असता. म्हणून ही खोड जगात मला एकटीलाच माहीत आहे.

७. माझे पातळ तळव्याचे बूट टाकून द्यावेत. डावा पार झिजला आहे. नाही, टाकू नयेत. उद्याचं उद्या बघू.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी रडून सही केली आहे.

ठिकाण: दुसरा मजला, खिडकीकडची खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला रविवार, दुपारी चार.

साक्षीदार पहिली: शेजारच्या खाटेवरची निवृत्त बसचालक. सही केली. शेरा: 'मुलगी शुद्धीवर आहे. गिअरचं खरं बोलते आहे.'

साक्षीदार दुसरी: वॉर्डच्या सिस्टर.

सिस्टरांची सही अजून झालेली नाही. त्या पेन उघडून वाकल्या, तेवढ्यात खाली चढावर एक गाडी आली. वळणाशी आवाज आला: लहान घुम्, मग मोठा घुम्. आणि दुसरा गिअर पडला, अजिबात न करकरता.

मावशी कोपरावर उठल्या. "दोनदा कोण देतं गं?"

तीन वर्षं ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीला असा आवाज नसतो. हा आवाज रोज फिरवलेल्या गाडीचा आहे. मावशी खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथून सांगतायत: लाल आहे, दोन दारं, मागचा डावा दिवा नवा, चाकं कडेला वळवून उभी केली आहे.

कलम सहा रद्द समजावे. दादाला दिलेली माफी दुप्पट समजावी.

सही न करताच खाली गेलेल्या सिस्टर आत्ताच वर आल्या. म्हणतात, एक बाई आल्या आहेत, जिना चढतायत, लिफ्टसाठी थांबायला तयार नाहीत. वहीत नातं लिहायचं म्हणून विचारलं, तर आत्या असं म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "मी तिला गाडी शिकवते."