मागच्या सीटचं वजन

४ मार्च

पोचले एकदाची! सामान अजून बांधलेलंच आहे, पण आधी रोजनिशी. निघताना आईने बजावलंय की रोज फोन नाही केलास तरी चालेल, पण रोज जेव. दादाने नेहमीप्रमाणे टर उडवली. म्हणाला, लोक नोकरीत वर जायला जन्म घालवतात, ही पहिल्याच आठवड्यात ढगात जाणार.

खोली छोटी आहे, पण समुद्राकडे तोंड करून. खिडकीच्या कडीवर मिठाचा थर बसलाय, उघडताना हाताला खरखरतो. धावपट्टी थेट पाण्याच्या काठाशी संपते. आमच्या तुकडीचं काम आईला सांगितलं तसं सांगायचं तर, नौदलाच्या हाती नवं विमान किंवा नवं शस्त्र देण्याआधी आम्ही ते वापरून, छळून बघायचं. जहाजाच्या डेकवर आदळताना चाकं टिकतात का, पंखाखालचं क्षेपणास्त्र नीट सुटतं का. पुढे पायलट, मागच्या सीटवर मी. पडद्यावरचे आकडे बघायचे आणि मोठ्याने बोलत जायचं.

विमान सांभाळतात ते फिटरकाका. मिश्या पांढऱ्या, बोटं काळी. विमानाला 'बया' म्हणतात. आज बया रुसलीय, आज बयाचं पोट बिघडलंय. मला बघून म्हणाले, चला, बयाला मैत्रीण मिळाली.

७ मार्च

पहिलं उड्डाण! खाली उतरले तेव्हा हसू आवरत नव्हतं.

आमच्या पायलटला सगळे मागून मौनीबाबा म्हणतात. जमिनीवर त्यांच्या तोंडाला कुलूप असतं. वर गेल्यावर मात्र कानातल्या हेडफोनमध्ये किती मायेचा आवाज! बसलास ना नीट, पट्टे आवळ रे, असं काहीबाही चाललं होतं. मागे कायम पुरुषच बसले असणार, म्हणून जीभ वळत नसेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

दुपारी काकांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. माझ्या आधी त्या सीटवर पायलटचा मेहुणा बसायचा. बायकोचा धाकटा भाऊ. मागच्या हिवाळ्यात क्षेपणास्त्र सोडायची चाचणी होती. ते सुटलं ते वाकडं, शेपटीला लागलं, विमान गरागरा फिरलं. पायलट ओरडला, उडी मार. त्याने हँडल ओढलं, सीटसकट बाहेर फेकला गेला. आणि पुढच्याच क्षणी विमान सावरलं. मागे नुसतं भगदाड घेऊन पायलट एकटाच उतरला. समुद्रात पॅराशूट मिळालं. पोरगं नाही.

विमान हेच. सीट तेवढी नवी बसवलीय. सांगताना काका फडक्याने हात पुसत राहिले, हाताला काही लागलेलं नसताना.

१२ मार्च

शस्त्राच्या चाचणीआधी विमानाचं वजन करतात. चाकांखाली काटे सरकवतात. आज वजन जास्त भरलं. एका माणसाइतकं. काकांनी आत विसरलेला पाना-बिना शोधला, काटे बदलले, पुन्हा तेच. शेवटी वैतागून ओरडले की मागे कोण बसलंय त्याने आधी उतरावं.

हँगरमधले आम्ही सगळे खालीच उभे होतो.

काकांनी मग हातातलं फडकं खाली ठेवलं. शिडी लावून वर चढले, रिकाम्या सीटकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

१५ मार्च

वहिनी आल्या होत्या. पायलटच्या बायकोला इथे सगळे वहिनीच म्हणतात. चहा गार झाला तरी कप नुसता हातात धरून बसल्या. भाऊ गेल्यापासून नवऱ्याशी बोललेल्या नाहीत. एका घरात राहतात, ताट वाढतात, तो जेवतो, बस. म्हणाल्या, त्यांच्याकडे बघितलं की मला ती रिकामी सीट दिसते. भावाला या तुकडीत घ्या म्हणून त्यांनीच नवऱ्यामागे लकडा लावला होता. परक्याच्या हाताखाली कशाला, भाऊजींच्या पंखाखाली राहील.

मग हळूच विचारलं, वर गेल्यावर हे बोलतात का? मी हो म्हटलं. कोणाशी, ते त्यांनी विचारलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, तो असलाच तर त्याला म्हणावं, ताईने घरी बोलावलंय.

त्या गेल्यावर मी बराच वेळ रडले. माझा कोण लागत होता तो?

१८ मार्च

आज वर असताना पायलटने उंची विचारली. मी तोंड उघडायच्या आत हेडफोनमध्ये कोणीतरी सांगितली. बरोबर सांगितली. मग वेग, मग इंधन. मी गप्प बसून ऐकत होते. पायलट मध्येच हसले, घरात माणूस हसतो तसं.

उतरताना छातीवरचे पट्टे भिजलेले. घाम असेल म्हणून जिभेला लावून बघितलं. घाम इतका खारट नसतो. आणि इतका गार तर नसतोच.

१९ मार्च

तुकडीप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, कालचं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात आकडे आहेत. माझ्या आवाजात.

मी बोलले नव्हते. शपथेवर सांगते, मी एक शब्द—

ते समजुतीने म्हणाले, ताण आहे, परवाची चाचणी झाली की रजा घे. तेच क्षेपणास्त्र. समुद्राचा तोच तुकडा.

२० मार्च

धीर करून पायलटना वहिनींचा निरोप दिला. हँगरच्या दारात, भर उन्हात. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे किती थकलेले आहेत त्यांचे. म्हणाले, "सांगितलं मी त्याला. एकट्याला वाट सापडत नाही म्हणतो."

मग म्हणाले, मीच त्याला उडी मार म्हणालो, आता मीच आणायला जायला हवं.

पळत प्रमुखांकडे गेले. डॉक्टरांनी पायलटना धडधाकट ठरवलंय, माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार. मी नाही गेले तर ते एकटेच उडतील, आणि मग परत येणार नाहीत. वहिनींचं एक माणूस गेलंच आहे. मागे जिवंत कोणी बसलं असेल तर वळतील तरी.

वळतील ना?

आईला फोन केला. जेवले म्हणून सांगितलं.

२१ मार्च, सकाळ

सीटवर बसलेय, उड्डाणाची परवानगी यायचीय. काकांनी पट्टे आवळले. माझ्या डोक्यावर हात ठेवून उतरले.

हवेत

गुडघ्यावरच्या पॅडवर लिहितेय. क्षेपणास्त्र सुटलं. सरळ सुटलं! शेपटीला काही नाही. हेडफोनमध्ये जमिनीवरून टाळ्यांचा आवाज आला. संपली चाचणी.

आता वळायचं.

वळत नाहीत. नाक समुद्राकडेच. मी हाक मारली, सर, वळा. सर. ते त्याच्याशी बोलताहेत. घाबरू नकोस रे, आलोच. या वेळी उडी मारायची नाही. दोघं मिळून जाऊ.

खालून प्रमुख ओरडताहेत. पायलटनी त्यांचा आवाज बंद केला. किनारा दिसेनासा झाला. इंधनाचा लाल दिवा—

वहिनी म्हणाल्या ते सगळं ओरडून सांगितलं. ताई वाट बघतेय. दोघांची बघतेय. पायलट रडताहेत. खांदे हलताहेत. पण हात तसाच. विमान खाली, खाली—

हँडल माझ्या दोन पायांमध्ये आहे. ओढलं तर मी एकटी बाहेर. ते राहतील. ओढायला उजवा हात नेला आणि

हातावर हात आहे. ओला. बोटांची कातडी पाण्यात राहून सुरकुतलेली. जोर नाही त्यात. नुसता धरून ठेवलाय, तापात लहान मूल धरतं तसा. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर—

पाणी खूप जवळ. लाटा मोजता येतील.

सोड रे, म्हटलं. राजा, सोड. माझी आई आहे.

कानाशी आला. म्हणाला, ताईला सांग, मी भाऊजींना घेऊन चाललोय—